बाबोसेयो

भडगाव, मे १९९६, गुरुवार, संध्याकाळ

गेले एकदाचे पाहुणे. यावलचे केळीवाले. मला बघायला आलेला मुलगा पोहे खात होता, बोलत होता तो त्याचा बापच, बशीतला चहा फुरकत. मी दिल्लीला कोरियन शिकते हे नानांनी कितीदा सांगितलं, तरी त्याचं आपलं एकच: "चिनी बोली दखाड, बेटा."

चिनी! आणि नाना, माझे स्वतःचे वडील, तेसुद्धा हसत म्हणतात, "दाखव की." मी काय पिंजऱ्यातली मैना आहे?

डोकंच फिरलं. कोरियनमध्ये मूर्खाला बाबो म्हणतात. त्या माणसाकडे सरळ बघून म्हटलं, "बाबोसेयो." म्हणजे, तुम्ही मूर्ख आहात.

तर तो बशी खाली ठेवून टाळ्या पिटायला लागला. "ऐकं का, नाना? बाबा शे म्हने! पोर माले आतेच बाबा म्हनी राहिनी!" झालं, सेयोचं अहिराणीत शे, म्हणजे 'आहे' झालं, आणि मुलगी पसंत. नानांनी लगेच पेढे मागवले. शेवटचं वर्ष पुरं करायला मला आता दिल्लीला पाठवतील? कोण जाणे.

पण खरा संताप येतोय तो त्या सेयोचा. आमच्या कोरियन बाईंनी घोटून घेतलंय, वडीलधाऱ्यांशी बोलताना शेवटी आदराचं सेयो हवंच. मला नुसतं "बाबोया" म्हणायचं होतं. अरे मूर्खा, एवढंच. तेवढंही जिभेला जमलं नाही. तो बशी फुरकणारा बैल, आणि मी त्याला मूर्ख म्हटलं तेही अहो-जाहो करून.