आबांनी मोजलेल्या कळा

७ जानेवारी
अडतिसावा आठवडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोकं खाली आहे, नॉर्मल होईल. कळा दर पाच मिनिटांनी यायला लागल्या, तासभर तशाच राहिल्या, की निघा." बारा वर्षं पेपरात काढली, इतकी स्वच्छ डेडलाइन कुणी दिली नव्हती!

पहिली खेप म्हणून माहेरी, काटेवाडीला आलेय. भीती एकच — वाटेत झालं तर? बारामती एरवी वीस मिनिटं. पण सध्या रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या.

९ जानेवारी
कळा मोजायचं काम माझ्या वडिलांनी, आबांनी, अंगावर घेतलं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर! वही आखली — कळ लागली, कळ सुटली, अंतर, शेरा.
"शेरा कशाला, आबा?"
"असू दे. तपासणीला साहेब आला तर?"
कुठला साहेब!

१२ जानेवारी
दुपारी कळा. दोन तासांनी गायब. आई म्हणाली, "खोट्या हायेत. खऱ्या कळंत तुला बोलता यायचं न्हाय." शेऱ्यात आबांनी लिहिलं — फेरी रद्द.
इंदापूरहून धम्मदीपचा फोन. "निघू का? बूट घातलेत."
"काढ."
नवरा मास्तर असला की आज्ञा पाळतो.

१५ जानेवारी
सकाळी चिकट, लालसर स्राव. आई खूश — "आता जवळ आलं." तिने आबांना काय सांगितलं कोण जाणे. ते तडक उठून गाडीत हवा भरून आले.

१६ जानेवारी
सकाळी सहापासून सुरू. कंबरेतून निघते, पुढे येते, पोटाचा दगड होतो, मग सुटते. आबा — "अकरा मिन्टं. येळ हाय."
साडेदहा. आबा — "धा मिन्टं. निवांत." मी डोळे मिटून ओरडतेय आणि हे निवांत! मला वाटतं, वरचेवर ये—

१७ जानेवारी
मुलगी! दोन किलो नऊशे.
काल साडेअकराला पाणी फुटलं. वहीत तेव्हाही नऊ मिनिटं! आईने मला गाडीत कोंबलं. पुढे ट्रॉली. आबा खिडकीतून — "बाजूला घे रं, डिलिव्हरी हाय!"
"कशाची, तात्या?"
"नातवंडाची!"
घेतली बिचाऱ्याने.

दवाखान्यात सिस्टर किंचाळल्या, "नऊ सेंटीमीटर उघडलंय! घरी काय करत होता?" आबांनी वही पुढे केली. धम्मदीप अजून भिगवणच्या अलीकडे — चुकीच्या रस्त्याने!

मग सिस्टर — "आवाज गळ्यातून नको, जोर खाली!" डोकं दिसायला लागलं तेव्हा आगीसारखी जळजळ. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं! "आता जोर नको, फुंकर मारा." मारली, चूल पेटवल्यासारखी. आणि एकदम सुटलं. ओली, गरम, भयंकर चिडलेली — छातीवर.
"झालं ना?" मी.
"अजून वार यायचीय."
आली. दोन टाके. मग चहा. असा चहा जन्मात प्यायले नव्हते.

१८ जानेवारी
आबांची वही चाळली. निम्म्या कळा त्यात नाहीतच. आईला विचारलं.
"मोठी कळ आली, तू वरडलीस, की ह्ये उठून गोठ्यामागं जायचं. ऐकवत नव्हतं त्यांना. परत आलं की बारकी तेवढी लिवायचं. मला वाटलं, तिकडं बी मोजत असत्याल."

आबा बाहेर बाकड्यावर नातीला घेऊन बसलेत. आत्ता ती टाहो फोडून रडायला लागली. मी दारातून बघतेय. जागचे हलले नाहीत.