सायकलीवरची राखण

१२ जानेवारी १९२९
आजच्या आगबोटीने सायकल आली. किनाऱ्यावर आणणाऱ्या पडावातून उतरवताना एका खलाशाने उगाचच घंटी वाजवून पाहिली. मी तिथल्या तिथे हरकत घेतली. माझ्या घंटीला परक्याने हात का लावावा?

सोबत मेव्हण्याचे पत्र. मेव्हणा म्हणजे राहीचा भाऊ बाबल्या. मुंबईत गिरणीत आहे. लिहितो की चाळीतून सायकल दोनदा चोरीला जाता जाता वाचली, म्हणून पाठवत आहे, भावोजींनी सांभाळावी, शिमग्याला येतोच.

मी पंधरा वर्षे वकीलसाहेबांचा मुख्य कारकून आहे (दुसरा कारकून नाही). कागदाचा अर्थ कसा लावायचा ते मला कोणी शिकवू नये. पत्रात ‘सांभाळावी’ असे आहे. ‘परत द्यावी’ असे कुठेही नाही. राहीला हा पॉइंट समजावून सांगितला. ती म्हणाली, ती माज्या भावाची हाय, गप ठेवा एका बाजूला. हिला कायद्याचे अंगच नाही.

१३ जानेवारी
पंधरा वर्षे बगलेत दप्तर मारून वकीलसाहेबांच्या घोडागाडीमागून कोर्टाची चढण चढतो आहे. गाडी पुढे, धूळ मध्ये, मी मागे. आता मी पुढे आणि गाडी मागे असेल. खरे सांगायचे तर या सायकलीवर माझा जीव जडला आहे. काल झोपण्यापूर्वी दोनदा उठून तिला पाहून आलो.

उद्या पहाटेपासून चालवायला शिकणार. आठ दिवसांत तयार.

१४ जानेवारी
थंडी. उद्यापासून.

१६ जानेवारी
दवाखान्यातल्या कंपाउंडरची सायकल भरदुपारी दाराबाहेरून गेली म्हणतात. डोळे उघडले. शिकणे नंतर, आधी बंदोबस्त. कंपाउंडरला उत्तम चालवता येत होती, त्याचा काय उपयोग झाला?

१८ जानेवारी
बंदरावरून नांगराची जुनी साखळी मिळवली. बाजारातून कुलूप आणले. सायकल अंगणातल्या माडाला बांधली. आता दर्यावरचे चोर एकत्र आले तरी हलणार नाही. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. चोराचा हात तिथपर्यंत जाणे शक्य नाही.

माडावरून एक नारळ सुटला आणि सीटवर पडला. सीट किंचित डावीकडे पाहते आहे. चोराला ओढ वाटू नये या दृष्टीने हे चांगलेच झाले.

१९ जानेवारी
सायकल हाताने ढकलत, साखळी खांद्यावर घेऊन कोर्टात गेलो. दप्तर धरायला हात उरला नाही म्हणून ते डोक्यावर. तिथे खांबाला बांधली. संध्याकाळी उघडायची वेळ आली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. करगोट्याची किल्ली कुलपापर्यंत न्यायची तर चाकाला पोट लावून बसावे लागते. बसलो. गर्दी जमली. पावस गावच्या एका अशिलाने पोटात दुखतं काय म्हणून विचारले. दुसऱ्याने ओव्याचे पाणी आणून दिले. प्यालो. नाही म्हटले असते तर किल्लीची जागा फुटली असती.

२३ जानेवारी
पेंटर बोलावला. सायकलीच्या दांड्यावर माझा संपूर्ण मजकूर रंगवायला सांगितला: इसम नामे आत्माराम, राहणार रत्नागिरी, यांच्या खास मालकीची व ताब्यातील सायकल. पेंटर म्हणाला जागा पुरणार नाही. मी म्हटले, तुझ्या अक्षरांना आवर घाल. घातला नाही. ‘इसम नामे आ’ इथे दांडा संपला.

राही वाचून हसली. आता कोणी विचारले तर सांगीन की पुढचा मजकूर गोपनीय आहे.

३१ जानेवारी
चौकीवर गेलो. सायकल माझ्या नावाने नोंदवून ठेवा अशी विनंती केली. हवालदाराने पावती मागितली. मी म्हटले पावती नाही, पण ताबा आहे. तो म्हणाला, ताबा तर चोराकडंही असतो. माणूस अडाणी आहे. नंतर त्याने सायकलीचा नंबर विचारला. नंबर मी आधीच घासून काढला होता, चोराने पाठ करू नये म्हणून. हे ऐकून हवालदाराने माझाच पत्ता लिहून घेतला.

तरी सरकारी वहीत सायकल आणि मी एकत्र आलो. एव्हिडन्स म्हणून उपयोगी पडेल.

१० फेब्रुवारी
थंडी संपली. शिकायला हवे. पण आता दुपारी ऊन फार.

१९ फेब्रुवारी
बाबल्याचे पत्र. शिमग्याला येतो, देवाची पालखी घरी येईल तेव्हा असेन, जाताना सायकल घेऊन जाईन, खोलीला कडी बसवली आहे.

दिवसभर कामात लक्ष लागले नाही. एका अर्जावर वकीलसाहेबांच्या सहीच्या जागी मीच सही केली. सायकल गेली तर मी पुन्हा धुळीत.

संध्याकाळी शांत डोक्याने केस मांडली. ताबा माझा, सव्वा महिना. वहिवाट हवी. मी सायकल वापरतो असे चार साक्षीदारांनी शपथेवर सांगितले पाहिजे. म्हणजे चालवली पाहिजे.

२० फेब्रुवारी
चालवली. कोर्टाच्या उतारावरून. वरून खाली येईपर्यंत सर्व ठीक होते. ब्रेक कोणता हे शोधत असताना हिरा मासेवालीची पाटी आली. मी आणि सायकल, दोघेही बांगड्यांत. साक्षीदार भरपूर मिळाले, पण हिरा जे बोलली ते कोर्टात वाचता येणार नाही.

तूर्त वहिवाट हाताने ढकलून करावी.

२८ फेब्रुवारी
रोज सकाळ-संध्याकाळ सायकल बाजारातून फिरवून आणतो. सर्वांनी पाहिले पाहिजे. रोज कोणीतरी विचारते, पंक्चर? मी हो म्हणतो. आज जानू न्हाव्याने विचारले, कारकूनसायेब, ही जन्मल्यापास्न पंक्चर हाय काय?

५ मार्च
रात्रंदिवस एकच विचार, आणि आज उपाय सापडला. आमच्याकडे फणस, आंबा चोरीला जाऊ नये म्हणून झाडाला राखण घालतात. गुरव देवाला गाऱ्हाणे घालतो, नारळ ठेवतो, आणि परक्याने हात लावला की त्याचे काय व्हायचे ते देव बघतो. झाडाला चालते तर सायकलीला का नको? माडाला बांधलेलीच आहे.

७ मार्च
रावजी गुरवाकडे गेलो. आधी तो तयार होईना. सायकलीला राखण त्याच्या आज्यापणज्याने घातली नव्हती. मग म्हणाला, पण ती बाबल्याची ना? मी म्हटले, देवापुढे नाव कशाला, नुसते ‘मालक’ म्हणावे. गाऱ्हाण्याचा मसुदा मीच करून दिला. यात कुठेही फट नाही:

बा देवा म्हाराजा, या सायकलीचा जो खरा मालक नसेल त्याने तिला हात लावल्यास त्याचे हात भाजावेत, फोड यावेत, साल निघावी, मग तो इसम कोणीही असो, नातेवाईक धरून.

‘नातेवाईक धरून’ हे माझे खास कलम. बाबल्याचा देवावर फार विश्वास आहे. हँडलला बोट लावायचे त्याला धाडस होणार नाही.

वाडीतली पाच-पंचवीस माणसे जमवली होती. सर्वांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. मी सर्वांत मोठ्याने.

१२ मार्च
राखणेची बातमी स्वतः घरोघर सांगितली. बाजारात, कोर्टात, बंदरावरही. आता सायकल कोर्टाबाहेर उघडी ठेवतो. माणसे लांबून जातात. हवालदारसुद्धा हात मागे बांधून उभा राहतो. साखळी परत केली.

किती सोपे होते.

२२ मार्च
बाबल्या आला. राहीला लुगडे, मला छत्री. मी छत्री घेतली, पण मन घट्ट ठेवले. जेवण झाल्यावर तो सायकलीकडे निघाला. मी आडवा आलो. राखणेचे सगळे सांगितले, मसुदा वाचून दाखवला. ‘नातेवाईक धरून’ इथे जरा थांबलो. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, भावोजी, पैसे मी दिले, पण देवापुढं मी कोण सांगणार? सत्तावीसला पालखी दारात येल, तवा रावजी काकांस इचारूया. देव सांगेल त्याची.

तो इतका घाबरला आहे की हात लावणारच नाही. केस जिंकल्यात जमा. राही दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

२४ मार्च
आनंद साजरा करावासा वाटला. ओल्या काजूगरांची उसळ आठ दिवस डोळ्यांसमोर आहे. आमच्या वाडीत काजू नाही. वकीलसाहेबांच्या आवारातल्या काजूची एक फांदी मात्र दगडी गडग्यावरून बाहेर आलेली आहे. बाहेरच्या हवेतले फळ सार्वजनिक समजायला हरकत नाही. फक्त फांदी उंच असल्यामुळे आतून चढून तोडावे लागले. वकीलसाहेब दुपारचे वर झोपलेले.

त्यांच्याच ओटीवर बसून ऑफिसच्या चाकूने तिथेच सोलले. सालांसकट घरी नेले असते तर राहीने कुठले ते विचारले असते. गर काढून नेले आणि अशिलाने दिले म्हणून सांगितले. उसळ अप्रतिम. बाबल्याने तीनदा घेतली.

२५ मार्च. होळी.
हात चुरचुरतात.

२६ मार्च
दोन्ही तळव्यांना फोड. बोटे काळी. साल निघते आहे. काजूचा चीक, दुसरे काय. लहानपणी पाहिले आहे.

सकाळी सायकल पुसत असताना एकदम मनात आले की गाऱ्हाण्यात हेच, याच क्रमाने लिहिले होते. भाजावेत, फोड यावेत, साल निघावी. माझेच अक्षर. हँडल सोडून दिले. काजू आणि देव एकाच दिवशी दोन्ही लागू शकतात काय?

नाही. काजूच. पण हे सांगणार कोणाला? काजू म्हटले की कोणाचे हा प्रश्न येतो, आणि या वाटेला काजू एकाच आवारात आहेत. पंधरा वर्षांची नोकरी. दिवसभर हातांना पंचा गुंडाळून हिंडलो. थंडी वाजते म्हणून सांगितले. बाहेर अंगाची लाही होत होती.

२७ मार्च, संध्याकाळ
लिहिताना दुखते, पण नोंद हवी.

पालखी अंगणात आली. सगळी वाडी मागे. सायकल मध्ये उभी केलेली. गर्दीत वकीलसाहेबही दर्शनाला आलेले. रावजी गुरवाने देवाला सगळे सांगितले आणि बाबल्याला म्हणाला, लाव हात. बाबल्या दोनदा पुढे होऊन थांबला. मला वाटले, आता मागे फिरतो. पण त्याने डोळे मिटून हँडल धरले. त्याने हात उघडून दाखवले. स्वच्छ.

मग रावजी माझ्याकडे अंगारा घेऊन आला आणि हात पुढे करायला सांगितले. देवाचा अंगारा पंच्यावर घेता येत नाही. पंचा सोडला.

बायका किंचाळल्या. जानू न्हावी दोन पावले मागे सरकला. रावजीने माझे तळवे पाहिले, वाकून वासही घेतला. म्हातारा उभा जन्म कोकणात राहिलेला आहे. अगदी हळू आवाजात म्हणाला, आत्माराम, ह्यो काजूचा चीक नाय ना रे? असला तर आताच सांग. मी नजर वर केली तर समोर वकीलसाहेब. माझ्याकडेच बघत होते.

मी मोठ्याने म्हणालो, देवानेच भाजले.

सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. या वेळी मी म्हटले नाही. बाबल्याच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्या हातांना राहीने लोणी लावले आणि एकदाची बोलली. म्हणाली, माजा भाव मागितली असती तर देऊनच गेला असता, कालच बोलला मला. हे तिने काल सांगायचे होते. आतून मात्र फार वाईट वाटले.

तरी नोकरी वाचली. विचारपूर्वक निर्णय घेतला. सायकल गेली, पण अब्रू राहिली.

२८ मार्च
बाबल्या सकाळच्या आगबोटीने गेला. सायकल घेऊन.

कोर्टाची वेळ. मी कागद लावत होतो, पंचा गुंडाळूनच. वकीलसाहेब सहीसाठी वाकलेले होते. मान वर न करता म्हणाले, आत्माराम, चोवीस तारखेला मी वरच्या खिडकीत होतो. काजू सोलायच्या आधी हाताला खोबरेल लावायचं असतं.