लेसची उलटी बाजू

वाशिंद, रविवार संध्याकाळ

नातीच्या बाप्तिस्म्याच्या झग्यासाठी दोन महिने क्रोशाची लेस विणत होते. आज विहीणबाई वसईहून झगा घेऊन आल्या. झगा त्यांच्या घराण्यातला. लेस पसंत पडली नाही तर बाजारची लावणार होत्या. त्यांनी लेस हातात घेतली ती थेट उलटवलीच. शाळेत विणकाम शिकवणाऱ्या सिस्टरही आधी उलटी बाजूच बघायच्या! या वयात इतकं का घाबरावं मी?

"गाठ कुठं दिसत नाय हो!" विहीणबाईंनी पुन्हा उलटवून पाहिलं. मग झगाच माझ्या मांडीवर ठेवला. "तुमीच लावा."

छाती फुगली माझी, खोटं कशाला लिहू? पण डोळे भरलेले, सुईत दोरा काही जाईना.

"एवढी बारीक लेस विणलीत, नि आता सुई दिसत नाय?" म्हणत त्यांनीच ओवून दिला.