तिसऱ्यांदा विचारलंच नाही

१७ मे, शनि.

फायनली पाण्यात!! या वर्षातला पहिला दिवस. म्हाताऱ्या जेरीने गराजमधून फिशिंगच्या दोन्ही फ्लोट ट्यूब काढून फुगवून ठेवल्या होत्या. माझी ती जुनी हिरवी, घोड्याच्या नालेसारखी, डाव्या बाजूला पॅच लावलेली. (माझी म्हणते. आहे त्याचीच.) छातीपर्यंतचे वेडर्स (रबरी पँट), पायात फिन्स, आणि बदकासारखं उलटं चालत पाण्यात. मग मध्ये बसायचं आणि पाय मारत राहायचं. जायचं नेहमी पाठीकडे. कुठे चाललोय ते दिसत नाही, कुठून आलो ते दिसतं.

ब्लूगिल मासे तळहाताएवढे. वीडच्या, म्हणजे पाण्यातल्या गवताच्या, कडेला छोटा पॉपर (तरंगतं आमिष) टाकला की टुप् आवाज करून खेचतात. धरताना डोक्याकडून मागे हात फिरवायचा, नाहीतर पाठीचे काटे घुसतात. आज घुसले. सगळे सोडून दिले.

आठवडाभर ऑफिसचे कॉल्स सोडून कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. इथे जेरी पण बोलत नाही, पण ते वेगळं.

तळं क्लबचं, गेटला कुलूप. मी त्याची गेस्ट. एकटीला एन्ट्री नाही. मेंबरशिप फुल, कित्येक वर्षं.

२५ मे, रवि.

मावशीचा फोन, 'सई, आमच्या नीलला पण ने गं, दिवसभर त्या स्क्रीनसमोर असतो.' नेलं. माझ्या ट्यूबमध्ये बसवला. मी काठावरून सगळं सांगतेय, फिन्स कशा मार, वीडमध्ये पाय अडकला तर ओढू नको, हळू सोडव. पाच मिनिटांत ओरडायला लागला, 'सईताई, देअर्स स्टफ टचिंग माय लेग्ज!' वीड आहे रे बाबा, तळं आहे, बाथटब नाही. बाकीचा वेळ काठच्या लाकडी डॉकवर, फोनमध्ये.

जेरीला आवडला तो. म्हणे, नाइस किड, स्ट्रेट बोलतो.

१ जून, रवि.

जेरी आज पाण्यात उतरलाच नाही. फोल्डिंग खुर्ची टाकून डॉकवर. गुडघे गेले, डॉक्टरने फिन्स मारायला बंदी केलीय. मुलीकडे टेक्सासमध्ये प्लेनोला चाललाय, कायमचा. दोन आठवड्यांत.

मग म्हणाला, क्लबचा नियम आहे, सोडून जाणाऱ्याने आपल्या जागी एक नाव द्यायचं. 'यू वॉन्ट माय स्पॉट? ती हिरवी ट्यूब पण घेऊन जा.'

ओह नो नो जेरी, आय कुडन्ट!

'यू शुअर?'

नो, रिअली. इट्स टू मच.

'ओके,' म्हणाला. आणि मग वीड यंदा लवकर वर आलंय वगैरे.

घरी येईपर्यंत गाडीत गाणं म्हणत होते. मिळालं!! पुढच्या वेळी विचारेल तेव्हा हो म्हणेन. लगेच हो म्हटलं असतं तर काय हावरट वाटलं असतं. माणूस चाललाय आणि ही टपूनच बसलेली.

७ जून, शनि.

मावशीकडे जेवायला. डब्यातला आमरस, पण आमरस. माझी वाटी संपल्यावर,

'घे गं अजून.'

'नको मावशी, पोट भरलं.'

'अगं घे.'

'खरंच नको.'

'काय नको नको, वाटीभर तर आहे,' आणि ओतला. मी खाल्ला. मला हवाच होता.

नीलला विचारलं. 'आय अॅम गुड.' मावशीने पातेलं उचलून फ्रीजमध्ये. मी म्हटलं, त्याला आग्रह नाही? 'त्याला काय आग्रह करायचा, तो नाही म्हणाला की नाहीच असतं.' खूप हसलो.

जेरीला उद्या सामान हलवायला माणूस हवाय. माझा सॉफ्टवेअर रिलीज, दिवसभर ऑनकॉल. नीलला सांगितलं जा म्हणून. गेला तर बरं.

८ जून, रवि.

गेला.

संध्याकाळी माझा कूलर परत द्यायला आला. गाडीची डिकी उघडली तर आत हिरवी ट्यूब. पॅच वरच्या बाजूला.

'जेरी गेव्ह मी धिस. आणि ते लेकचं पण, हिज स्पॉट ऑर व्हॉटेव्हर.'

तू काय म्हणालास?

'आय सेड शुअर. ऑसम. व्हाय?'

काही नाही म्हटलं. कूलर घेतला, थँक्यू म्हटलं.

थँक्यू!!

१० जून, मंगळ.

कोडमध्ये काय लिहिलं ते वाचवत नाहीये. लंचमध्ये निघाले, सरळ जेरीकडे. घर रिकामं, बोलताना आवाज घुमत होता.

'मी तुला विचारलं होतं. दोनदा. यू सेड नो.'

हो पण आमच्याकडे पहिल्या दोन 'नो'चा अर्थ नो नसतो.

'मग येस कसं असतं?'

चिडून नाही, चेष्टेत पण नाही. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. दोन वेळा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा समोरच्याने रागावल्यासारखं करायचं, मग घ्यायचं, हे इंग्लिशमध्ये म्हणून बघितलं. वेड्यासारखं ऐकू येतं.

त्याला वाटलं मला पाण्याचा कंटाळा आला असेल, तरुण मुलगी, बिझी. क्लबला नीलचं नाव सांगून झालंय. नाव बदलता येतं, तो फोन करायला तयार आहे. 'पण पोराला दिलेली वस्तू मी परत मागणार नाही. यू आस्क हिम.'

मागायचं. मी. नीलकडे. ज्याच्या पायाला स्टफ टच होतं.

१४ जून, शनि.

नीलने फोटो टाकला. कोणाच्या तरी घरचा स्विमिंग पूल, त्यात माझी ट्यूब, त्यात एक मुलगी गॉगल लावून. पॉपरच्या डबीच्या कप्प्यात चिप्स.

लाइक केलं. हार्ट.

मावशीला सांगितलं शेवटी. 'अगं मग तेव्हाच हो म्हणायचंस की!'

तूच म्हणतेस हे? लहानपणी कोणाकडे लाडू पुढे आला की आई चिमटा काढायची. नको म्हण. आणि तू बाजूला बसून म्हणायचीस, सई किती गुणाची, मागत नाही हो कधी काही.

मावशी हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, नीलशी मी बोलू का? नको म्हटलं. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा पण विचारलं. नकोच. आईने पोराकडून काढून दिलेली जागा घेऊन काय करू.

१५ जून, रवि.

जेरी गेला. मुलगी न्यायला आली होती. गाडीत बसताना त्याने त्याची टोपी माझ्यासमोर धरली, ती हुक्स टोचलेली, फिशिंगची. मी ठरवूनच गेले होते. 'येस! थँक्यू जेरी, आय'ड लव्ह इट!'

तो थांबला. म्हणाला, नाही, जस्ट होल्ड इट, सीटबेल्ट लावतोय.

सीटबेल्ट लावला. टोपी परत घेतली. घातली.

२१ जून, शनि.

पब्लिक पाँड. काठावरून. वीड आता पार वरपर्यंत. प्रत्येक कास्टला गळाला हिरवा गोळा, ओला, जड. ब्लूगिल तिकडे पलीकडे मोकळ्या पाण्यात, गोल गोल तरंग उठतायत. ट्यूब असती तर चार किक्सवर.

बेंचवर बसून नीलला मेसेज लिहिला. 'नील, ती जागा मला हवी आहे.' पाठवला नाही. एवढं उघडं वाक्य मी कोणाला कधी लिहिलेलं नाही.

तेवढ्यात त्याचाच आला. उद्या मित्रांबरोबर लेकवर जातोय, सईताई येतेस का, माय गेस्ट, लोल.

लिहिलेलं पुसलं. 'नको रे, तुम्ही जा.' सेंड. बोटं आपोआप.

ओके कूल, म्हणाला. थंब्ज अप.

दुसऱ्यांदा सुद्धा नाही.

२२ जून, रवि.

सकाळपासून ऊन. आत्ता ते सगळे तिकडे पोचले असतील.

ते वाक्य परत लिहिलंय. नील, ती जागा मला हवी आहे. पुढे 'प्लीज' घालू का यावर तासभर अडलंय. प्लीज घातलं तर तो नाही म्हणू शकतो. आणि तो नाही म्हणाला की नाहीच असतं.

वेडर्स बाल्कनीत वाळत घातले. कोरडेच होते.