साक्षीची तारीख

दौंड, १३ जून २००३

ती. पोपटकाकांना जयभीम.

१. बुधवारी मी केंदूरच्या, बारावी झालेल्या आपल्या नऊ मुलींना शिरूरच्या कोर्टात नेलं. वकिली शिकायची म्हणजे काय, ते त्यांना दाखवायचं होतं.
२. त्यांत तुमची लेक विशाखा होती.
३. माझ्या वडिलांना, दादांना झालेल्या मारहाणीच्या खटल्यात त्याच दिवशी तुमची साक्ष झाली. तुम्ही म्हणालात, "म्या काय बघितलं न्हाई, साहेब."

मारहाण झाली त्या दिवशी विहिरीवर दादांचं फुटलेलं डोकं तुमच्याच मांडीवर होतं.

परतीच्या एसटीत विशाखाने विचारलं, "ताई, वकील झाल्यावर आप्पाला खोटं पाडायचं का?" मी तिकीट शोधत राहिले.

मुलींना न्यायला तुमच्या साक्षीचीच तारीख मी मुद्दाम निवडली होती, हे तिला सांगितलेलं नाही. पोरीने बापाला खरं बोलताना पाहावं, एवढाच विचार होता. मारणाऱ्यांच्याच मळ्यात तुम्ही रोज कामाला जाता, हे मी हिशोबात धरलं नाही. मोजणी कचेरीत शेतांचे नकाशे काढते मी; कोणाचा मळा कुठे, ते मी तरी धरायला हवं होतं.

लॉ कॉलेजच्या तिच्या फॉर्मवर पालकाची सही राहिली आहे. ती तुमच्याकडे मागणार नाही म्हणते, म्हणून मी मागते आहे. याआधी दोन पत्रं लिहिली, पण पेटीत टाकली नाहीत.

सही देणार की नाही, ते शुक्रवार २० जूनपर्यंत कळवा.

तुमची पुतणी,
करुणा