परातीवरचे चौकोन

उस्मानाबाद, आश्विन शुद्ध चतुर्थी, १९६४

आमच्या स्वयंपाकघरातून परातीचे अपहरण झाले असून कणीक पातेल्यात मळली जात आहे, ही अत्यंत शोचनीय गोष्ट होय. अपहरणकर्ती आमचीच कन्या सुमन. पुण्याहून सुट्टीला आली ती नोकरीतलं गणित सोबत घेऊन. अँटेनाची थाळी रेडिओलहरी कुठल्या दिशेला किती फेकते, ते काढायचं. परातीवर खडूनं चौकोन आखून तिनं मला समजावलं: एकेका तुकड्याचा वाटा काढायचा, मग सगळ्यांची बेरीज.

तुकडे आणखी लहान केले तरी समोरचा झोत तोच येतो. बाजूला सांडणारा भाग मात्र दर वेळी बदलतो, म्हणजे तिचं उत्तर अजून पक्कं नाही. आणि आज तिच्या पुण्याच्या साहेबांची तार, उत्तर ताबडतोब पाठवा.

"समोरचं बरोबर आहे न्हवं? दे की पाठवून," मी म्हणालो.

"अवो अण्णा, ही काय तुमची बातमी आहे, सोलापूरची एस.टी. सुटायच्या आत उरकायला?"

सोलापूरच्या पेपराला एस.टी.नं बातम्या धाडणाऱ्या वार्ताहराला याहून नेमका टोला कोण मारणार! हसलो. पण मग परातीकडं बघत ती हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणता तर पाठवते."

तेव्हापासून चैन नाही. तिचंच बरोबर आहे, हे मला कळतं. उशीर झाला तर तिची नोकरी जाईल या माझ्या भीतीपायी ती न पटलेलं उत्तर पाठवेल, आणि तरी मला 'थांब' म्हणवत नाही.