नागपूरची गाडी, दोन नातवंडं आणि मी

४ डिसेंबर

जिंकलो! मुलांना नागपूरला मीच नेणार!

सून मेघा भावाच्या लग्नासाठी आधीच माहेरी गेली. मुलांची चाचणी परीक्षा परवा संपते आणि माझ्या मुलाला, योगेंद्रला, रजा नाही. मग दिपू-नवलला नेणार कोण? म्हटलं, मी. फोनवर मेघा म्हणाली, "आबा, गेल्या वर्षी कटिंगच्या दुकानातून तुम्ही एकटेच घरी आलात. नवल खुर्चीवरच होता."

खरं आहे. दुकानाबाहेर शिरीषाचं झाड फुललेलं, ते बघत बघत निघालो. माणूस काय करणार!

शेवटी अट ठरली. दोघं नीट पोचली, तर मे महिन्यात मी त्यांना घेऊन पुरीला जायचं. काही घोळ झाला, तर यापुढे बागेतसुद्धा नाही.

पुरी! समुद्र! पाचवीत समुद्राची कविता शिकलो, ती अजून तोंडपाठ आहे. समुद्र तेवढा बघायचा राहिला. आमच्या देवपुरात पांझरा नदी आहे, पण तिला लाटा कुठून आणू?

५ डिसेंबर

शेजारचा जीवराम हसून हसून बेजार. "आबा, तू पोरेस्ले संभाळशी, का पोरे तुले?"

हेवा, दुसरं काय.

६ डिसेंबर, रात्री, गाडीत

योगेंद्रने जळगावला गाडीत बसवून दिलं. दहा सूचना केल्या. मी दहाही वेळा "हो" म्हटलं. तोंड पाडून गेला बिचारा.

समोर चोपड्याच्या हुस्नबानो आणि त्यांचा नातू उजैर. नवलच्याच वयाचा! गाडी सुटायच्या आत दोघांची गट्टी जमली. भरिताचा डबा उघडला आणि वास बोगीच्या दोन्ही टोकांपर्यंत गेला. काय तो हिरव्या वांग्यांचा धुरकट वास! तपासनीस आला, तो आधी कळण्याची भाकरी खाऊन, मग तिकिटं बघून गेला. दिपू म्हणाली, "आबा, आपण लग्नाला चाललोय की लग्न घेऊन?"

हात धुऊन आलो, तोवर बत्ती गेलेली. दिपू सगळ्यात वर. मधल्या बर्थवर नवल, डोक्यापर्यंत पांघरूण. बाहेर आलेला त्याचा हात उपरण्याने माझ्या मनगटाशी बांधला. सारंगखेड्याच्या जत्रेत आई मला पदराशी अशीच बांधायची. आता बघतोच, कसा हरवतो!

डोळा लागू द्यायचा नाही. हळूच कविता म्हणतोय. आणि काय सांगू! पांघरुणातून नवल मागोमाग ओळ म्हणतोय! न अडखळता! घरी कविता काढली की पळतो, आणि आज—! डोळे भरून आले. खाली बत्ती नाही, मोबाइलच्या उजेडात लिहितोय.

७ डिसेंबर, पहाटे

वर्धा गेलं. म्हटलं, आता उठवावं. पांघरूण काढलं—

उजैर!

नवल, नवल करत उठलो, तर मनगटाला बांधलेला उजैरही खाली ओढला गेला. हुस्नबानो जाग्या झाल्या. समोरच्या मधल्या बर्थकडे बोट दाखवलं. तिथे नवल घोरत होता. हसू आवरेना त्यांना. "आबा, रातभर मेरे पोते का पहारा दिया तुमने! और मी तुमच्याला थोपटत होते!"

नवलला विचारलं, तर डोळे चोळत म्हणतो, "रात्री कविता होणारच, मला नको होती. त्याला हवी होती. म्हणून बदलली जागा."

उजैरला अख्खी कविता पाठ. शाबास रे पठ्ठ्या!

पण मेघाला हे कळलं, तर पुरी गेली. दिपूकडे बघितलं. ती म्हणाली, "मी कशाला सांगू? मला समुद्र बघायचाय."

७ डिसेंबर, सकाळी, नागपूर

मेघा स्टेशनवर आली होती. दोन्ही मुलं मोजून घेतल्यासारखी जवळ घेतली. "जमलं की हो आबा! काही त्रास?" नवलने तोंड उघडलं. दिपूने त्यात केळं घातलं.

चहा झाला की पुरीचं काढतोच.

७ डिसेंबर, साडेनऊ

योगेंद्रचा फोन. गोंदियाहून! म्हातारा पोरं कशी सांभाळतो ते बघायला रजा काढून आमच्याच गाडीत बसला होता, पुढच्या डब्यात. सगळ्यांचं ठीक आहे हे बघून पहाटे जरा आडवा झाला आणि नागपूर गेल्यावर उठला. "आबा, मेघाला सांगू नका हां."

"नाही सांगत. पुरीची चार तिकिटं काढ. तुला एकट्याला गाडीत सोडणं बरं नाही."